सिच्युआन मिरी: पानगळीत लागवड, हलक्या हाताने छाटणी

नावात मिरी असली तरी चिनी मसाल्याचे हे काटेरी झुडूप मिरवेलीच्या नव्हे, लिंबू-संत्र्याच्या कुळातले आहे. तिरफळाचे जवळचे भावंड.

पाने झडल्यावर, डोळे फुगायच्या आत लागवड करावी. जागा उन्हाची आणि निचऱ्याची हवी. भारी जमीन असेल तर खड्ड्याऐवजी २० ते ३० सेंमी उंच गादीवाफ्यावर रोप लावावे. मुळे उथळ असतात. पाणी साचले की आधी बारीक मुळे कुजतात. वरून मात्र झाड तहानल्यासारखे मलूल दिसते, आपण आणखी पाणी घालतो आणि ते हातचे जाते. म्हणून आधी माती उकरून ओल पाहावी. बुंध्याशी कुदळ नकोच. तण हाताने उपटून ५ ते ७ सेंमी पालापाचोळा पसरावा, पण खोडाला टेकवू नये. दोन झाडांत २ मीटर अंतर ठेवावे. पायवाटेलगत लावू नये, काटे कपडे सोडत नाहीत.

बियांपासून रोप करणे चिकाटीचे काम आहे. काळ्या बियांवर तेलकट थर असतो, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात चोळून धुवावे, मग ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये सुमारे ३ महिने ठेवावे. तरीही उगवण मागेपुढे होते. बुंध्याजवळचे फुटवे मुळांसकट वेगळे करणे कितीतरी सोपे.

झाड फळत नाही म्हणून लोक खत वाढवतात. कारण बहुधा दुसरेच असते. सान्शो या जपानी भावंडात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. एकटी मादी फळत नाही. दुसरे कारण कात्री. फुलोरा गेल्या वर्षीच्या काडीवरच्या नव्या फुटीला येतो, सगळे शेंडे छाटले की त्या वर्षीचे पीक गेले. वाळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या तेवढ्या काढाव्यात.

लिंबावरची फुलपाखराची अळी इथेही येते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी. लहान रोप काही दिवसांत ओकेबोके करते. हातमोजे घालून वेचावी.

टरफल लाल होऊन तडकू लागले की कोरड्या दिवशी, दव उडाल्यावर घोस देठाशी कापावेत. फळे दाबू नयेत. तेलाच्या ग्रंथी फुटल्या की टरफल काळे पडते. उन्हात पातळ पसरावे, बिया आपोआप सुटतात. मसाला टरफलाचा, बिया दाताखाली कचकचतात, त्या चाळून टाकाव्यात. पेरणीचे बी मात्र सावलीतच वाळवावे.