कारखान्यात खासगी ५जी घेण्याआधीची तयारी

खासगी ५जी म्हणजे फक्त आपल्या आवारापुरतं ५जी नेटवर्क. ते विकणाऱ्या व्हेंडरला मीटिंगला बोलावण्याआधी एका कागदावर लिहून काढा, की आज वाय-फायवर नेमकं काय अडतंय. ‘इंडस्ट्री ४.०’सारखी घोषणा हे उत्तर नव्हे. एजीव्ही, म्हणजे माल वाहणारी बिनचालकाची गाडी, प्रेस शॉपमधून असेंब्लीत शिरताना वाय-फायच्या एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाते, मध्येच संपर्क तुटतो, सेफ्टीसाठी गाडी जागीच थांबते आणि मागे ट्रॉल्या तुंबतात, हे उत्तर झालं. चाकणच्या महिंद्राच्या कारखान्यात २०२२ च्या अखेरीस एअरटेल आणि टेक महिंद्रा यांनी ५जी बसवलं तेव्हा पुढे केलेलं कामही असंच ठोस होतं: डिस्पॅचआधी प्रत्येक गाडीत सॉफ्टवेअर भरणं. तुमची यंत्रं जागची हलतच नसतील, तर सरळ केबल टाका आणि उरलेल्या पैशांत दुसरं काही करा.

काम ठरलं की परवान्याचा रस्ता ठरवा. दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये खासगी बंदिस्त नेटवर्कसाठी नियम काढले, त्यात चार वाटा आहेत. ऑपरेटरच्या सार्वजनिक नेटवर्कचाच एक हिस्सा तुमच्यासाठी राखून घ्यायचा. किंवा ऑपरेटरनेच त्याच्या स्पेक्ट्रमवर (त्याला मिळालेल्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर) तुमच्या आवारात वेगळं नेटवर्क उभारायचं. किंवा तुम्ही परवाना काढून ऑपरेटरकडून स्पेक्ट्रम भाड्याने घ्यायचा. किंवा सरकारकडून थेट मिळवायचा. मधल्या आकाराच्या कारखान्याने पहिल्या दोन वाटांपलीकडे जाऊ नये, असं माझं मत. चौथीच्या भरवशावर तर प्रोजेक्टची तारीख मुळीच ठरवू नका. मूळ कंपनी जर्मन असेल तर आणखी जपा. तिकडे ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१९ पासून कारखान्यांना थेट मिळतो, त्यामुळे हेड ऑफिसहून आलेला आराखडा इथे जसाच्या तसा चालत नाही.

आता सर्व्हे, म्हणजे शॉपमध्ये कुठे किती सिग्नल पोचतो त्याचं मोजमाप, आणि इथे घाई नको. पुणे-पिंपरी पट्ट्यात गुरुवारी सुट्टी म्हणून सर्व्हेवाल्यांना हमखास गुरुवारीच बोलावलं जातं. शॉप रिकामं, ईओटी क्रेन (छताखालच्या रुळांवर सरकणारी) कोपऱ्यात उभी, मालाचे लोखंडी डबे (बिन) हलवलेले; रीडिंग झकास येतं. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला तीच क्रेन शीटची कॉइल घेऊन मधोमध येते, छतापर्यंत लोखंडी बिन रचले जातात आणि कालचा हिरवा नकाशा ठिकठिकाणी लाल होतो. तेव्हा मोजमाप चालू शिफ्टमध्येच घ्यायला लावा. तेही उभ्या माणसाच्या हातातल्या फोनवर नको, एजीव्हीवर अँटेना जिथे बसणार त्या गुडघाभर उंचीवर, आणि महिनाअखेरीला, स्टोअर भरलेलं असताना. २६ गिगाहर्ट्झचं, म्हणजे अडथळ्याआड चटकन अडणाऱ्या लहरींचं ५जी कुणी सुचवलं तर क्रेनआड काय होतं ते शॉपमध्येच दाखव म्हणावं.

सर्व्हेच्याच दिवशी छतावरही चढा. बहुतेक ५जी रेडिओ एकाच पट्ट्यात आळीपाळीने पाठवतात आणि ऐकतात, म्हणून सगळ्यांची वेळ १.५ मायक्रोसेकंदांच्या आत जुळलेली लागते. ती वेळ बहुधा जीपीएसवरून घेतात, म्हणजे मोकळं आकाश दिसणारी अँटेनाची जागा हवी, तिथून सर्व्हर रूमपर्यंत केबलची वाट हवी आणि विजेपासून संरक्षण हवं. बजेटमध्ये हे सहसा सापडत नाही, मग ऐन पावसाळ्यात पत्र्याला भोक पाडायची वेळ येते.

अपलोडचा हिशेब वेगळा मांडा. सार्वजनिक नेटवर्कमध्ये जास्त वेळ डाउनलोडला दिलेला असतो, आणि तुमचे तपासणीचे कॅमेरे तर रात्रंदिवस वरच पाठवणार. एकूण किती कॅमेरे आणि एकेकाला किती एमबीपीएस, हा आकडा आधी द्या. नुसता ‘एक जीबीपीएस स्पीड’ ऐकून सही करू नका.

उपकरणं हा सर्वांत मोठा खड्डा आहे. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, पण ५जीची चिप आत असूनही आयफोनवाल्यांना डिसेंबरच्या अपडेटपर्यंत थांबावं लागलं. टॅबलेट, स्कॅनर, राउटर यांचंही तसंच: खोक्यावर ५जी लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, आपल्या बँडवर, स्टँडअलोन पद्धतीने (४जीच्या आधाराशिवाय), आपलं सिम घालून एकेक नमुना चालवून बघा. पीएलसी (यंत्रं चालवणारे कंट्रोलर) प्रोफिनेटवर, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांच्या इथरनेट पद्धतीवर, बोलत असतील तर तो प्रश्न स्वतंत्र विचारा. प्रोफिनेटला खालच्या थरातलं इथरनेट लागतं आणि बहुतेक ५जी राउटर आयपीच पुढे नेतात, म्हणजे इथरनेटचा डेटा आयपीत गुंडाळून नेणारं टनेल मध्ये आलं आणि त्याचा उशीरही आला. पेंट शॉपच्या ज्वालाग्राही भागात जाणाऱ्या उपकरणाला नागपूरच्या पेसोची (स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) मान्यता आहे का, हे सेफ्टी ऑफिसरने बघायचं, आयटीने नव्हे.

युनियनशी आधीच बोला. रेडिएशनचा प्रश्न येणारच. भारतातल्या मोबाइल टॉवरची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. मोजमापाचा कागद नोटीस बोर्डावर लावा. पण खरी शंका बहुधा दुसरी असते, की हे टॅबलेट आम्ही कुठे उभे आहोत ते बघायला आहेत का? त्याचं उत्तर एचआरने लेखी द्यावं.

शेवटी करार. नेटवर्क ‘९९.९ टक्के’ वेळ चालू म्हणजे महिन्याला सुमारे पाऊण तास बंद. तो पाऊण तास तिसऱ्या शिफ्टमध्ये आला तर फोन कुणाला करायचा, त्यांचा माणूस किती वेळात कारखान्यात पोचणार आणि स्पेअर रेडिओ कुणाच्या स्टोअरमध्ये असेल, ही तीन उत्तरं करारात यायला हवीत. पैशांचा शेवटचा हप्ता चालू शिफ्टमधल्या चाचणीनंतरच. आणि जुनं वाय-फाय निदान वर्षभर काढू नका, परचेसने कितीही मागे लागलं तरी.