क्वेबेकच्या फ्रेंच पूर्वजांचा शोध घेताना या चुका टाळा

जावई किंवा सून कॅनडातल्या क्वेबेकची असली की घरात वंशवृक्षाचा विषय कधी ना कधी निघतोच. नातवंडांच्या शाळेतला प्रकल्प हे निमित्त पुरतं. सेंट लॉरेन्स नदीकाठी सतराव्या शतकात वसलेल्या फ्रेंच कुटुंबांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तिथल्या कॅथलिक पाद्र्यांनी इतक्या नेटाने लिहून ठेवली, की नऊ-दहा पिढ्या मागे जाणं तिथे नवलाचं नाही. नोंदी भरपूर आहेत आणि घोळ त्यामुळेच होतो. शोधलं की काहीतरी सापडतंच आणि सापडलेलं आपलंच आहे असं वाटायला लागतं.

पहिली आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे आडनावाला घट्ट धरून बसणं. घराण्याचं आडनाव एबेर असेल तर लुई एबेर हा मूळपुरुष, असं लोक बिनदिक्कत लिहून मोकळे होतात. हा लुई एबेर पॅरिसचा औषधविक्या. बायको मारी रोले आणि तीन मुलं घेऊन तो 1617 मध्ये क्वेबेकला आला. पण त्याची पुरुष-शाखा नातवा-पणतवापर्यंत येऊन खुंटली. त्याचे वंशज आज असंख्य आहेत, ते मुलगी गीयमेतच्या बाजूचे. तिचं लग्न 1621 मध्ये गीयोम कुयारशी झालं होतं. थोडक्यात, आजचे एबेर लुईचे एबेर नव्हेत. उलट उत्तर अमेरिकेतले त्राँब्ले मात्र जवळजवळ सगळे पिएर त्राँब्ले आणि ओझान आशों या एकाच जोडप्याकडे जातात. या दोघांचं लग्न क्वेबेकमध्ये 1657 साली झालं. कोणत्या आडनावाचा मूळपुरुष एक आणि कोणत्याचे अनेक, हे तपासल्याशिवाय झाडावर एकही नाव चढवू नका.

त्यात भर जोडनावांची. एकाच माणसाला दोन आडनावं असत आणि मधे ‘दी’ (म्हणजे ‘ऊर्फ’) हा शब्द येई: पिएर ह्युदों दी बोलिए. सैनिकांना पलटणीत टोपणनाव मिळायचं, तेच पुढे घराण्याला चिकटायचं. 1665 मध्ये फ्रान्सहून आलेल्या कारिन्याँ-सालिएर पलटणीतले चारेकशे सैनिक तिथेच स्थायिक झाले, त्यामुळे अशी नावं ढिगाने सापडतात. एका भावाची मुलं ह्युदों राहतात, दुसऱ्याची बोलिए होतात, आणि ज्यांचा ह्युदोंशी काहीही संबंध नाही अशी बोलिए घराणीही आहेतच. एखादी पिढी अचानक गायब झाली तर ती मेली असं समजू नका, आधी दुसऱ्या आडनावाने शोधा. अमेरिकेच्या कापडगिरण्यांत कामाला गेलेल्या कुटुंबांत तर आडनावांचं थेट इंग्रजी भाषांतर होऊन ब्वाव्हेरचे ग्रीनवुड आणि र्वाचे किंग झाले.

बायकांच्या बाबतीत आपला मराठी अंदाज चुकतो. लग्नानंतरचं नाव टाकून आपण शोधत बसतो आणि हाती काही लागत नाही. या नोंदींत बाई मरेपर्यंत माहेरच्याच नावाने असते. ही मोठी सोय आहे, वापरा.

आता पद्धत. एका लग्नावरून त्याआधीच्या लग्नावर जात मागे सरका. लग्नाच्या नोंदीत नवरानवरीच्या आईवडिलांची नावं असतात, आणि पहिल्या पिढीत बहुतेकदा फ्रान्समधलं गाव आणि धर्मप्रांतही. फक्त बाप्तिस्म्यावर भिस्त ठेवलीत तर फसाल. बाळ दगावलं की पुढच्या बाळाला तेच नाव देण्याची पद्धत होती, आणि तारीख हुबेहूब जुळते म्हणून लोक तान्हेपणी गेलेल्या मुलाला खापरपणजोबा करून टाकतात. बाप्तिस्मा सापडला की त्याच नावाचं दफन आहे का, ते लगेच बघा.

नोटरीपुढचा विवाहकरार आणि चर्चमधलं लग्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोबेर द्रुएँ आणि आन क्लूतिये यांचा करार 27 जुलै 1636 चा. कॅनडातला सर्वांत जुना विवाहकरार म्हणून तो ओळखला जातो. लग्न झालं 12 जुलै 1637 ला, कारण कराराच्या वेळी नवरी जेमतेम दहा वर्षांची होती. काही करार तर नंतर मोडलेही, त्यामुळे करार दिसला म्हणून लग्न झालंच असं धरता येत नाही. पण दस्तऐवजाच्या तळाशी जरूर बघा. आनचे वडील झकारी क्लूतिये निरक्षर होते, ते सहीच्या जागी कुऱ्हाडीची खूण करत. माणूस तोच का, हे अशी खूण किंवा सही ताडून कळतं. नावाचं स्पेलिंग पाद्री आणि नोटरी कानाला येईल तसं लिहीत.

या फ्रेंच वसाहतीची 1666 ची शिरगणती सगळे उद्धृत करतात. तिच्यात 3,215 माणसं आहेत, सैनिक धरलेले नाहीत आणि गाळलेली माणसंही बरीच. नाव नसेल तर 1667 ची बघा, तिच्यात गुरं आणि लागवडीची जमीनही नोंदवली आहे. वयं मात्र दोन्हीकडे अंदाजेच समजा.

छापील आधार म्हणून बहुतेकजण सिप्रियाँ ताँगे यांचा कोश उघडतात. 1871 ते 1890 दरम्यान सात खंडांत आलेलं ते काम अफाटच आहे, पण आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतासारखं: वाट दाखवायला उत्तम, पुरावा म्हणून नाही. त्यातले दोष नंतरच्या संशोधनात दुरुस्त झाले आहेत. माँट्रियल विद्यापीठात 1966 पासून उभ्या राहिलेल्या ऐतिहासिक लोकसंख्येच्या कोशाशी प्रत्येक दुवा ताडून घ्या. ‘राजकन्या’ हा शब्दही जपून वापरा. राजाच्या खर्चाने 1663 ते 1673 मध्ये आलेल्या सुमारे 800 मुलींना राजाच्या मुली म्हणत. राजघराण्याशी त्यांचा संबंध नव्हता.

समुद्र ओलांडायची घाई करू नका. नोंदीत ‘सेंट निकोलस पॅरिश’ (पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द) एवढंच असेल तर फ्रान्समध्ये त्या नावाची चर्चं पुष्कळ आहेत. धर्मप्रांताचं नाव मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. शिवाय आजचे जिल्हे 1790 मध्ये आखले गेले. फ्रान्सच्या पर्श भागातला पूर्वज असेल तर दप्तर बहुधा ऑर्न जिल्ह्याचं, म्हणजे आलाँसोंचं. पूर्वज पॅरिसचा असेल तर अपेक्षा बेताची ठेवा. मे 1871 च्या आगीत तिथल्या 1860 पूर्वीच्या नोंदींच्या दोन्ही प्रती जळाल्या, आणि नंतर त्यांतला थोडाच भाग पुन्हा उभा करता आला. तिथला बाप्तिस्मा न मिळणं हे तुमचं अपयश नाही. नोटरींची कागदपत्रं बघा, ती बरीच वाचली आहेत.

घराणं अकेडियाचं, म्हणजे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुसऱ्या फ्रेंच वसाहतीचं असेल तर हे सगळं जास्त अवघड, कारण इंग्रजांनी केलेल्या 1755 च्या हद्दपारीत माणसांबरोबर कागदही पांगले. तिथल्या ग्राँ-प्रे गावाची वाचलेली दफ्तरं आज अमेरिकेतल्या लुइझियानात आहेत. तिथल्याच पोर्ट-रॉयलच्या नोंदी 1702 पासून मिळतात. त्याआधीसाठी 1671 ची शिरगणती आणि फ्रान्सच्या बेल-ईल बेटावर वसवलेल्या अकेडियन कुटुंबांनी 1767 मध्ये शपथेवर दिलेल्या जबान्या, हे दोन मोठे आधार. जबान्यांत पूर्वजांची नावं बऱ्याचदा बरोबर असतात, तारखा मात्र दुसऱ्या कागदाशी पडताळूनच घ्याव्या लागतात.