गुलाबाची कोवळी रोपं: पहिल्या वर्षी कळी काढा, पान राखा

पावसाळा सरून हवा कोरडी झाली की जुन्या गुलाबांची छाटणी निघते आणि त्याच हाताने यंदाची रोपंही सरसकट कापली जातात. तेवढं करू नका. जुन्या झाडाच्या मुळांत आणि जाड खोडात साठा असतो, गुडघ्याएवढं छाटलं तरी ते उसळून फुटतं. नव्या रोपाकडे ती पुंजी नाही. त्याची मुळी वाढते ती अंगावरच्या पानांच्या जिवावर. मी सुरुवातीला नेमकं उलटं केलं होतं, फुलं येऊ दिली आणि काड्या कापल्या. ती रोपं वर्षभर दोन काड्यांवरच अडून राहिली.

कळी वाटाण्याएवढी झाली की बोटांनी खुडा. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरून खालचे डोळे, म्हणजे पानांच्या बगलेतले नव्या फुटीचे कोंब, दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते जागे होतात. कळीबरोबर तिच्याखालची तीन पर्णिकांची (एका देठावर तीन छोटी पानं असलेली) पानं गेली तरी चालेल, पण पाच पर्णिकांचं पहिलं पान राहिलंच पाहिजे. त्या पानाच्या बगलेत निरखून पाहा: डोळा टपोरा, किंचित लालसर दिसेल. वरच्या पानांजवळचे डोळे बारीक आणि टोकदार असतात, त्यांतून काडीही लेचीपेचीच येते.

बियांपासून केलेल्या रोपांत बारमाही फुलणाऱ्या जातींची पहिली कळी रोप वीतभर असतानाच येते. रंग पाहायची ओढ लागते, तर एक फूल उमलू द्या आणि लगेच काढा. त्या फुलाच्या आकारावरून किंवा पाकळ्यांवरून रोप टाकून मात्र देऊ नका, पुढची फुलं बरीच वेगळी निघू शकतात.

बुंध्यातून जाड, तांबूस, रसरशीत फुटवा आला की त्याला जपा. झाडाचा सांगाडा त्यावरच उभा राहतो. हातभर झाला की शेंडा मारा, नाहीतर तो सगळं अन्न ओढून टोकाला झुपका करतो. कलमी रोपात मात्र आधी माती बाजूला करून फुटवा कुठून निघालाय ते बघा. सांध्याच्या, म्हणजे कलम जोडलेल्या जागेच्या, वरून असेल तर ठेवा. खालून, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर कलम बांधलं त्या खुंटावरून असेल तर तो जंगली. मुळाशी धरून खाली ओढून उपटा. नुसता कापला तर बुडाशी राहिलेले डोळे पुन्हा फुटतात.

पेन्सिलीएवढ्या जाड तीन-चार काड्या झाल्या की आकार द्यायला घ्या. मध्य मोकळा, वाटीसारखा. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर साधारण 5 मिमीवर, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवून कापा. खुंटी लांब राहिली तर ती वाळते आणि शेंडेमर, म्हणजे टोकाकडून काडी वाळत जाणं, खाली उतरते. काप आतून तपकिरी दिसला तर पांढरा गर लागेपर्यंत मागे या आणि प्रत्येक रोपानंतर कटर स्पिरिटने पुसा. पाऊस किंवा दाट धुकं असताना कटर हातात घेऊच नका. कडक हिमाच्या प्रदेशात डोळे फुगू लागेपर्यंत थांबा.

खालच्या बारीक काड्या निरुपयोगी वाटतात, पण हिरव्या असतील तर कापू नका, बाहेरच्या बाजूला वाकवून ठेवा. त्यांची पानं मुळांना पोसत राहतात. वाकवायचं ते दुपारनंतर, काडी जराशी मऊ पडल्यावर. सकाळी ती पाण्याने ताठ असते आणि कट्कन मोडते.