कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा

चवथीच्या ऑफर लागल्या की ग्राफिक्स कार्ड घ्यायचं घाटतं. मित्रांना विचारून होतं, यूट्यूबवर चार तुलना बघून डोकं गरगरतं आणि गडी थेट पणजी-म्हापशाच्या दुकानात. त्याआधी अर्धा तास घरच्या पीसीला द्या. स्वस्तातलं कार्ड निवडताना निम्मा निर्णय आपल्या कॅबिनेटनं आधीच घेऊन ठेवलेला असतो.

प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा. ठळक अक्षरातल्या ४५० वॉटवर जाऊ नका. खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. कार्ड आणि प्रोसेसर यांचा बहुतेक भार त्याच लाइनवर असतो. तिथे १४ लिहिलं असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॉट. संपलं. आरएक्स ६६०० सारखं काटकसरी कार्डही एकटं १३२ वॉट घेतं, मग प्रोसेसरला उरणार काय? असा सप्लाय निघाला तर कार्डाच्या पैशातून आधी चांगल्या कंपनीच्या ५०० वॉटच्या आसपासच्या सप्लायचे पैसे बाजूला काढा. इथे वाचवलेला हजार रुपया कधीतरी मदरबोर्डासकट जातो. कार्डासाठीची ८ पिनची वायर सप्लायलाच आहे ना, तेही बघून ठेवा. मोलेक्समधून, म्हणजे सप्लायच्या जुन्या चार पिनांच्या जोडणीतून, काढलेल्या जोडवायरीवर माझा भरवसा नाही.

ऑफिसातून निघालेले जुने बारके डेस्कटॉप हल्ली पुष्कळ घरांत आहेत. त्यांत सप्लाय सहसा बदलता येत नाही आणि कार्डही कमी उंचीचंच बसतं. मदरबोर्डावर कार्ड जिथे बसतं त्या पीसीआयई स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, तेव्हा अशांनी वेगळी वायर न लागणारं कार्डच शोधायचं. ७० वॉटचं आरटीएक्स ३०५०, ६ जीबी मेमरीचं, त्यातल्या त्यात बरं. फक्त त्याचं लो-प्रोफाइल मॉडेल मागा. साध्या कॅबिनेटवाल्यांनी मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजून लिहून ठेवावं, कार्डाची लांबी त्यात बसायला हवी.

प्रोसेसर कुठल्या पिढीचा आहे तेही लिहा. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्ड कागदावर मोहात पाडतं, पण मदरबोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर त्याचा वेग पडतो. इंटेलची दहावी पिढी किंवा एएमडीच्या रायझन ३००० च्या आधीचं काही असेल तर तो नाद सोडा. मॉनिटर जुना, निळ्या व्हीजीए केबलचा असेल तर नव्या कार्डात ती केबल लागणार नाही. कन्व्हर्टर मिळतो, पण तसा मॉनिटर ठेवून कार्डावर वीस हजार घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता कार्ड. १०८०पी (फुल एचडी) वर खेळायचं तर ८ जीबीच्या खाली उतरू नका, वर सांगितलेले ऑफिसातले बारके पीसीच अपवाद. नावांच्या सापळ्यात मात्र सावध राहा. आरटीएक्स ३०५० एकच वाटतं, पण २०२२ चं ८ जीबीचं आणि २०२४ चं ६ जीबीचं यांच्या चिपमध्ये आणि मेमरीच्या रुंदीत फरक आहे, दुसरं हळू. ३०६० चंही तेच: १२ जीबीचं घ्या, ८ जीबीचं नको. आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबीचं आणि बोर्डाशी माहिती ने-आण करणाऱ्या चारच लेनवर चालणारं, जुन्या पीसीआयई ३.० बोर्डावर ते आणखी मागे पडतं. जीटी ७१० किंवा ७३० ला कुणी गेमिंग कार्ड म्हणालं तर हसून पुढच्या दुकानात जावं. आणि नुसतं व्हॅलोरंट खेळायचं असेल तर यातलं काही न घेताही भागेल; रायझन ५६००जी मधलं अंगचं ग्राफिक्स त्याला पुरतं.

सेकंडहँड घेणार असाल तर दिवसाउजेडी जा. कळंगुट किंवा कोलवा, जिथे खारा वारा घरात येतो, तिथलं कार्ड आडवं धरून मागची पट्टी, स्क्रू आणि पंख्याखालच्या तांब्याच्या नळ्या बघा. गंज किंवा हिरवट डाग दिसला तर भाव करू नका, परत द्या. डिचोली-सांखळीकडची लाल धूळ ब्रशनं निघते, तिला घाबरायचं कारण नाही. मग विकणाऱ्याच्या पीसीवर जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम चालवून बघा: जुनी चिप नवं नाव देऊन विकली असेल तर बहुतेक वेळा ते तिथे उघडं पडतं. आरएक्स ५८० च्या बाबतीत त्यातला शेडर्सचा (चिपमधल्या चित्र काढणाऱ्या छोट्या युनिटांचा) आकडा २३०४ हवा. २०४८ असेल तर ते कमी ताकदीचं मॉडेल. पाठोपाठ पंधरा मिनिटं फरमार्क हा कार्डावर पूर्ण ताण देणारा प्रोग्राम लावून तापमान आणि पंख्याचा आवाज बघा.

घरच्या विजेचं विसरू नका. ६०० व्हीएच्या यूपीएसवर बारीक अक्षरात बहुधा ३६० वॉट असतं. पावसात लाइट गेली की त्यावर गेम सेव्ह करून पीसी बंद करायचा, मॅच संपवायची नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. जुन्या घरांत हे चालतं. इलेक्ट्रिशियन आधी, कार्ड नंतर.

स्वस्त मिळतं म्हणून रात्रीची बस पकडून मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणारे आहेत. त्यांनी तिकिटाचे पैसे आणि कार्ड बिघडल्यावरची दुसरी खेप हिशोबात धरावी. इथे घ्या की तिथे, दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: जीएसटीच्या बिलावर सीरियल नंबर येणार ना, आणि वॉरंटीत कार्ड गोव्यातच देता येईल की कुरिअर करावं लागेल? खोका वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू दे.

कार्ड बसवल्यावर पंखे फिरले आणि स्क्रीन तरीही काळी राहिली, तर लगेच दुकानात धावू नका. मॉनिटरची केबल मदरबोर्डातच राहिली असेल. ती काढून कार्डात लावा.