गिटची सेटिंग नेमकी कुठून येते, हे कसे शोधावे

नवा लॅपटॉप मिळाला तेव्हा जुन्यावरचे प्रोजेक्टचे फोल्डर मी जसेच्या तसे कॉपी करून आणले. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन) नवा ईमेल टाकला, कमिट केले, म्हणजे बदलांची नोंद पक्की केली, आणि लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या यादीत पाहतो तर जुनाच पत्ता. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. अर्धा दिवस गेला. सेटिंग बदलायच्या आधी ती येते कुठून हे बघायला हवे होते, आणि त्याला एक मिनिटही लागत नाही.

गिट आपल्या सेटिंग एकाच जागी ठेवत नाही. पूर्ण मशीनसाठी एक फाइल असते, तिला सिस्टिम म्हणतात. तुमच्या युजरसाठी होम फोल्डरमध्ये दुसरी असते, ती ग्लोबल. आणि प्रत्येक रिपॉझिटरीच्या, म्हणजे गिट सांभाळत असलेल्या प्रोजेक्ट फोल्डरच्या आत, डॉट-गिट नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये तिसरी असते, ती लोकल. गिट त्या याच क्रमाने वाचते. एकच सेटिंग दोन ठिकाणी असेल तर शेवटी वाचलेली चालते, म्हणजे लोकल ग्लोबलवर मात करते. क्लोन करताना, म्हणजे गिटच्याच कमांडने रिपॉझिटरीची प्रत घेताना, लोकल फाइल सोबत येत नाही, पण फोल्डर कॉपी केले की येते. माझा जुना पत्ता तिथेच बसला होता.

आता तपासणी. खालच्या कमांड वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीत, स्मॉल अक्षरांत करा. आधी टर्मिनलमध्ये प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जा. बाहेरून कमांड चालवली तर लोकल सेटिंग दिसणारच नाहीत, आणि पुष्कळ जण इथेच फसतात. मग:

गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन --शो-स्कोप

प्रत्येक ओळीत आधी स्तर (सिस्टिम, ग्लोबल की लोकल), मग फाइलचा पत्ता, मग सेटिंग आणि तिचे मूल्य दिसते. यादी लांब असेल आणि स्क्रीन अडकल्यासारखी वाटली तर क्यू दाबा. शो-ओरिजिन 2016 मधल्या 2.8 आवृत्तीपासून आहे, शो-स्कोप 2020 मधल्या 2.26 पासून. जुन्या सर्व्हरवर दुसरा पर्याय चालला नाही तर तो गाळा. फाइलच्या पत्त्यावरून स्तर कळतोच.

ही यादी मदतीसाठी कुणाला पाठवायची असेल तर आधी नीट वाचा. रिमोटच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या रिपॉझिटरीच्या पत्त्यात कधीकधी टोकन किंवा पासवर्ड लिहिलेला असतो, तो आधी काढून टाका.

एकाच सेटिंगचा माग काढायचा तर:

गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल युजर.ईमेल

दोन ओळी आल्या तर ईमेल दोनदा लिहिलेला आहे आणि खालची ओळ चालू आहे. काहीच आले नाही तर तो कुठेच लिहिलेला नाही. नको असलेली लोकल नोंद अशी काढा:

गिट कॉन्फिग --लोकल --अनसेट युजर.ईमेल

एवढे करूनही कमिटवर भलताच पत्ता येत असेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (टर्मिनलमध्ये ठरवलेली, प्रोग्रॅम वाचतात ती मूल्ये) बघा, कारण ते या सगळ्या फाइलींच्या वर असतात. कमिटवर शेवटी कोणते नाव आणि ईमेल पडणार, हे एका ओळीत सांगणारी कमांड आहे:

गिट व्हार गिट_ऑथर_आयडेंट

यातले शेवटचे नाव मात्र कॅपिटल अक्षरांत टाइप करायचे. कमिट करण्याआधीच खरे उत्तर देणारी ही कमांड फार थोड्यांना माहीत असते. नव्या मशीनवर मी सर्वांत आधी हीच चालवतो.

ऑफिसचे आणि घरचे काम एकाच मशीनवर असेल तर ग्लोबल फाइलमध्ये इन्क्लूड-इफ वापरा: अमुक फोल्डरखालच्या रिपॉझिटरींना ही वेगळी फाइल लागू कर, असे गिटला सांगता येते. यात दोन गोष्टी सांभाळा. फोल्डरच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ (/) हवीच, नाहीतर आतल्या रिपॉझिटरी जुळत नाहीत. आणि हा भाग फाइलच्या तळाशी ठेवा. त्याखाली युजरचा ईमेल पुन्हा आला तर तोच चालेल. सोबत युजर.यूजकॉन्फिगओन्ली ही सेटिंग ट्रू करून ठेवा आणि सर्वसाधारण ईमेल ग्लोबलमध्ये ठेवूच नका. मग पत्ता न सापडल्यास गिट अंदाजाने काही लिहीत नाही, कमिटच थांबवते.

विंडोजवर एक अक्षर बदलले तरी अख्खी फाइल बदललेली दिसत असेल, तर हाच माग कोअर.ऑटोसीआरएलएफ या सेटिंगचा काढा. ओळींच्या शेवटाचा घोळ बहुधा तिथेच असतो.

चुकीच्या पत्त्याने झालेले कमिट सेटिंग दुरुस्त केल्याने आपोआप सुधारत नाहीत. शेवटचाच एक कमिट असेल आणि पुश झालेला (सर्व्हरवर पाठवलेला) नसेल तर:

गिट कमिट --अमेंड --रिसेट-ऑथर --नो-एडिट

पुश झालेला असेल तर आधी टीमला विचारा. हिस्टरी बदलली की ज्यांनी ती ब्रँच (कामाची ती शाखा) आधीच घेतली आहे, त्या सगळ्यांचे काम अडते.