बेटावर वीज गेल्यावर बर्फ कसा पुरवावा

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मासेमारीची पावसाळी बंदी सुरू व्हायचेच दिवस होते. बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात आणि बर्फाच्या कारखान्यांना गिऱ्हाईक नसतं. म्हणजे कोकणात बर्फाचा हंगाम संपतो नेमका तेव्हाच वादळाचा हंगाम भरात असतो. आडवळणाच्या गावाचे हाल होतातच. बेटाचे त्याहून जास्त, कारण मधे पाणी आणि वर बंदरावरचा धोक्याचा बावटा.

घारापुरीचंच घ्या. तिथे कायमची वीज आली फेब्रुवारी २०१८मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिको या मोठ्या बेटाजवळचं व्हिएकेस बेटही असंच मुख्य बेटाकडून समुद्राखालच्या केबलने वीज घ्यायचं. सप्टेंबर २०१७च्या मारिया वादळानंतर त्याला दीर्घकाळ जनित्रांवर दिवस काढावे लागले, आणि मुख्य बेटावर लोक बर्फाच्या पिशवीसाठी तासन्‌तास रांगेत उभे होते. ती रांग टाळायची तर तयारी वादळाआधी हवी.

आधी यादी, मग बर्फ

कोणाच्या घरी इन्सुलिन आहे, आरोग्य उपकेंद्रात लसी आहेत का, हे आशाताईंना विचारा. अर्ध्या तासात यादी होते. तिच्यात कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणि हॉटेलातली कोंबडी घालू नका. लोक रागावतील, रागावू देत.

यादीतूनही काही नावं गळतात. वापरात असलेली, उघडलेली इन्सुलिनची बाटली बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते (सोबतचा कागद वाचा, प्रकारागणिक फरक असतो). तिला सावली पुरते, बर्फ लागतो तो न उघडलेल्या साठ्याला. सर्पदंशावरची लस भुकटीच्या रूपात असेल तर तीही बर्फाशिवाय राहते. पुरानंतर साप घरात शिरतात, म्हणून हे माहीत असलेलं बरं. माठातल्या ओल्या वाळूत औषध ठेवायचा उपाय मात्र कोरड्या उन्हाळ्याचा आहे. जूनच्या दमट हवेत माठ फारसा थंडावा देत नाही.

डबे कमी करा

सगळा हिशेब इथे ठरतो. तीन सेंटिमीटर जाडीच्या भिंतींचा, सात-आठ लिटरचा छोटा थर्माकोलचा डबा घेतला आणि बाहेर ३० अंश असले, तर आतला थंडावा टिकवायला दिवसाला अंदाजे दोन किलो बर्फ वितळतो. वीस घरांनी वीस डबे ठेवले तर रोज चाळीस किलो. तीच वीस घरांची औषधं तशाच भिंतींच्या एका तीस लिटरच्या डब्यात एकत्र ठेवली तर चार-पाच किलोंत भागतं. चाळीस किलो रोज होडीतून आणणं आणि पाच किलो आणणं, यात किती फरक आहे ते होडीवाल्याला विचारा.

तेव्हा उपकेंद्रात किंवा शाळेत एकच डबा ठेवा. प्रत्येकाच्या पाकिटावर नाव लिहा. झाकण दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी आणि एकाच माणसाने उघडायचं. लोकांना आपलं औषध दुसऱ्याच्या हाती द्यायला जड जातं, म्हणून हा माणूस वादळाआधीच ठरवा आणि गावाला सांगा.

पहिला इशारा येताच

हवामान विभाग चक्रीवादळाचा पिवळा इशारा साधारण ४८ तास आधी देतो, नारिंगी २४ तास आधी. बाटल्या पिवळ्यालाच भरा. घरच्या फ्रीजरमध्ये एका रात्रीत चार-पाच बाटल्याच नीट गोठतात, सगळ्या एकदम कोंबल्या तर एकही धड गोठत नाही. बाटलीत दहावा हिस्सा रिकामा सोडा, पाणी गोठताना फुगतं. बंद ठेवलेल्या फ्रीजमधलं अन्न चार तास टिकतं. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास थंड राहतो, अर्धा भरलेला २४. म्हणून रिकामी जागा बाटल्यांनीच भरून काढा.

गाव सोडून जाणार असाल तर गोठलेल्या पाण्याच्या पेल्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून जा. परतल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर आतलं सगळं एकदा वितळून पुन्हा गोठलंय. ते अन्न खाऊ नका.

लादी आणताना

१८३३मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून टस्कनी नावाच्या जहाजाने १८० टन बर्फ कलकत्त्याला आणला. चार महिन्यांच्या प्रवासानंतरही सुमारे १०० टन शिल्लक होता. यंत्र नव्हतं, होता तो लाकडाचा भुसा आणि मोठमोठे ठोकळे. आपणही तेच करायचं. अख्खी लादी घ्या, फोडून चुरा करू नका. जितके तुकडे, तितकी हवेला लागणारी बाजू जास्त. लादी गोणपाटात गुंडाळा, भोवती भाताचा तूस किंवा भुसा हातभर दाबा, वरून ताडपत्री. खाली फळ्या ठेवून वितळलेलं पाणी वाहू द्या. भिजलेला तूस थंडावा धरत नाही, उलट घालवतो. होडीत लादी इंजिनापासून लांब, सावलीला. ट्रॉलरवरचा मासळीचा कप्पा हा बेटावरचा सगळ्यात चांगला बर्फाचा डबा आहे. वास येतो, पण औषधाचं पाकीट घट्ट बंद असेल तर वासाने काही बिघडत नाही.

बावटा उतरल्याशिवाय होडी सोडू नका. बर्फासाठी माणूस गमावण्यात अर्थ नाही.

निळसर लादी दिसली तर समजा ती खाण्याची नाही. अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८पासून त्यात खाद्यरंग घालायचा नियम आहे. औषधाच्या डब्याभोवती किंवा नातेवाईक पोचेपर्यंत मृतदेह ठेवायला तो चालतो. सरबतात नको. पांढरा बर्फसुद्धा खात्रीचा नसेल तर त्याचं पाणी उकळूनच प्या.

डबा भरताना

सगळ्यात मोठी चूक म्हणजे औषध बर्फाला चिकटवणं. इन्सुलिन एकदा गोठलं की गेलं, नंतर वितळवून उपयोग नाही. हिपॅटायटिस बी आणि पेंटाव्हॅलंट या लसींचंही तसंच. फ्रीजरमधून काढलेली बाटली तशीच डब्यात टाकू नका. बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी खळखळू लागलं की मग घाला. मधे पुठ्ठा किंवा टॉवेलची घडी. तापमान २ ते ८ अंश हवं, साधा तापमापक आत ठेवा. आणि बर्फात मीठ टाकू नका. कुल्फीला ते ठीक. मीठ पडलं की थंडी शून्याच्या बरीच खाली जाते.

म्हावरं

फ्रीजमधल्या मासळीसाठी बर्फ मागू नका. पहिल्या दिवशी शिजवून खा, शेजाऱ्यांना बोलवा. उरलेली साफ करून खारवा, तीन किलोला किलोभर खडे मीठ. पावसात सुकवता येत नाही, पण खारवता येतं.

जनित्र असेल तर

आरोग्य केंद्रात लसींचा आयएलआर (बर्फाचं अस्तर असलेला फ्रीज) असेल, तर तो दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी तापमान धरतो. तेव्हा डिझेल रात्रभर जाळू नका, आठ तास त्याला द्या आणि त्याच वेळात बाटल्याही गोठवून घ्या. जनित्र उघड्यावरच ठेवा, पडवीतही नको.

वीज परत आली म्हणून औषधांचा डबा लगेच रिकामा करू नका. सुरुवातीचे काही दिवस ती येत-जात राहते. आधी बाटल्या पुन्हा गोठवायला लावा आणि एक अख्खी रात्र वीज टिकली, की मगच औषधं ज्याच्या त्याच्या घरी पाठवा.