गाळ आणण्याआधी धुरे बघा

वैशाखात तलावाचं पाणी मधल्या डोहापुरतं उरतं, काठच्या गाळाला भेगा पडतात आणि गावात जेसीबीची विचारपूस सुरू होते. आतापासून मृगापर्यंतचे दिवसच तलावातला गाळ वावरात नेऊन टाकण्याचे. पण ट्रॉली सांगण्याआधी वावरात एक चक्कर मारा आणि धुरे, म्हणजे वावराचे बांध, बघा. उताराचं वावर असेल आणि धुरे फुटलेले असतील, तर गाळ दोन-तीन मोठ्या पावसांत नाल्यावाटे पुन्हा त्याच तलावात जाईल. पहिल्यांदा तो तसाच तर गेला होता. म्हणून बांधबंदिस्ती आधी.

गाळ खरा उपयोगी पडतो तो बरड, मुरमाड, खरडी जमिनीला. अशा वावरात पावसाचा आठ-दहा दिवस खंड पडला की सोयाबीन माना टाकतं. गाळातले चिकणमातीचे बारीक कण ओल धरतात, शिवाय वाहून आलेला पालापाचोळा आणि अन्नद्रव्यं सोबत असतातच. भारी काळ्या वावरात मात्र फुकट मिळतो म्हणून टाकू नका. तिथं आधीच पाणी तुंबतं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर निचरा आणखी बिघडेल.

प्रत्येक तलावाचा गाळ सारखा नसतो, एकाच तलावात काठचा वेगळा आणि पाळीजवळचा, म्हणजे तलावाच्या बांधाजवळचा, वेगळा. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा गाळ घ्या, पाणी भरा, जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात खाली बसते ती रेती. चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. निम्मी रेतीच निघाली तर डिझेल जाळण्यात अर्थ नाही. वाळलेल्या ढेकळावर पांढरे क्षार फुटलेले दिसले, तर तो गाळ सोडून द्या. शंका असेल तर माती परीक्षणाला नमुना पाठवा आणि सामू (पीएच) व क्षारता विचारा. क्षारता मीटरला 1 डेसीसायमनच्या आत असलेली बरी. ज्या तलावात गावाचं गटार, कारखान्याचं पाणी किंवा वीज केंद्राची राख उतरते, तिथला गाळ दिसायला कितीही काळाभोर असो, खायच्या पिकाच्या वावरात नको.

आता हिशेब. एकरभर वावरात एक इंच थर द्यायला साधारण 100 घनमीटर, म्हणजे 36 ब्रास गाळ लागतो. ट्रॉलीत एक ब्रास धरला तरी 36 खेपा. तीन इंच म्हटलं की शंभरावर. त्यामुळे सगळ्या वावरावर चिमूटचिमूट टाकण्यापेक्षा सगळ्यात हलका तुकडा निवडा आणि तिथं दोन-तीन इंच नीट द्या. ढीग घालून पावसाची वाट बघू नका. पसरून पंधरा दिवस उन्हात तापू द्या, ढेकळं फोडा आणि वखरानं वरच्या मातीत मिसळा. नुसता वर राहिलेला गाळ पहिल्या सरीनंतर पापुद्रा धरतो आणि त्याखाली बियाणं अडकतं. शेणखत असेल तर याच वेळी मिसळा, माती भुसभुशीत राहते.

भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांधीत, म्हणजे धुऱ्यांनी वेढलेल्या खाचरात, एक चूक हमखास होते. तीन इंच गाळ टाकला की बांधीचा तळ तीन इंच वर येतो आणि धुरा आहे तेवढाच राहतो. पाणी उभं राहण्याची खोली तेवढी घटते. बांधीत गाळ टाकला तर धुराही तेवढा चढवा.

खोदतानाही हात आवरा. पाळीच्या पायथ्याशी आणि सांडव्याजवळ मशीन लावू नका. काळा गाळ संपून मूळ टणक थर लागला की थांबा, तो फोडला तर तलाव झिरपायला लागतो. मासोळीसाठी मधला डोह राहू द्या. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव बांधणाऱ्यांनी खपून केलेली कामं आपल्या एका उन्हाळ्यात बिघडायला नकोत.

2017 पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ मोफत आहे. 2023 पासून अल्प व अत्यल्पभूधारकांना गाळ नेऊन पसरवायला अडीच एकरांपर्यंत कमाल 37,500 रुपये अनुदानाची सोय झाली. अर्ज आणि मोजमाप कामाआधी करा, खेपा झाल्यावर कोण मोजणार? रेती काढायला या योजनेत परवानगी नाही, आणि नदीची रेती वावराच्या कामाचीही नाही.

2016 च्या कायद्यानं आपली वैनगंगा-प्राणहिता राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत आली, बोटी काही अजून दिसल्या नाहीत. जिथं खरंच बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटी, चालतात, तिथं गाळाचं काय करायचं हा मोठाच प्रश्न असतो. अमेरिकेत इलिनॉय नदीतला गाळ 2004 मध्ये बार्जनं शिकागोला नेला आणि बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या जागेवर पसरला. त्यावर गवत उगवलं. ती मातीही बरीचशी वरच्या मक्याच्या शेतांतून वाहून आलेली. आपला तलाव तर वावरापासून दोन-चार किलोमीटरवर आहे.

मृगानंतर गाळाच्या पट्ट्यात रोज फेरी मारा. बेशरम या झुडपाच्या कांडीचा तुकडा आला असेल तरी फुटतो, लव्हाळ्याच्या गाठीही येतात. पहिल्या पंधरा दिवसांत हातानं उपटून धुऱ्याबाहेर, उन्हात टाका. वखरानं कापलेली बेशरम दुप्पट होते.